फेरीच्या आधी धुतलेला पाय

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या मायवर. महाराष्ट्र राज्य झाल्यावरचा तिसरा पोळा उलटला, त्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, डॉक्टरांच्या दहाच्या फेरीला अर्धा तास उरला असताना, तिची लोखंडी खाट बायकांच्या वॉर्डातून उचलून मागच्या व्हरांड्यात टाकली. तिला विचारलं नाही. मला विचारलं नाही. पायावरची पट्टी सोडून आत काय आहे ते एकानंही वाकून पाहिलं नाही.

पत्रक असंच सुरू करायचं असतं. मलकापूरच्या एका छापखान्यात खिळे जुळवणारे आमच्या समाजातले एक काका होते, त्यांनी मला हे शिकवलं. "पयल्या ओळीत कोनावर अन्याय झाला अन् कवा झाला. शेवटच्या ओळीत काय पायजे ते. मधात दोन ओळी, जास्ती नोको. लोकं उभ्यानं वाचतेत." मॅट्रिक झाल्यापासून मी त्यांच्या हाताखाली विहिरीवर पत्रक लिहिलं, शाळेत न येणाऱ्या मास्तरवर लिहिलं, स्मशानाच्या वाटेवर लिहिलं. सगळं चार ओळींत मावलं. मोठ्या मायचा पाय मात्र मावला नाही. म्हणून इतक्या वर्षांनी तो इथं लांबलचक लिहिते आहे. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही म्हणाल, तो एकच दवाखाना वाईट, आणि निवांत झोपाल.

मोठी माय म्हणजे माझ्या बापाच्या थोरल्या भावाची बायको. माझी आई मी पाळण्यात असतानाच गेली. मोठ्या मायला मूल नव्हतं, तिनं मला घेतलं. आमचं घर वडनेर भोलजीच्या शिवेकडच्या वस्तीत. पावसाळ्यात ती निंदणाला, तण काढायला जायची, दिवाळीपासून कापसाच्या वेचणीला. वीस-पंचवीस बायांची टोळी असायची आणि पहिली ओळ मोठ्या मायची. ती ओटीत कापूस भरत पुढं जायची आणि मागच्या बायांना टोमणे मारायची. "काऊन वो, बोंडं वेचून राह्यली का त्याहीची पापी घेऊन राह्यली?" शाळा सुटली की मी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन बसायचे. तिच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. ती मला जवळ घेई तेव्हा तिच्या अंगाला सरकीचा तेलकट वास येई. अजून जिनिंगच्या भिंतीजवळून गेलं की मी जरा थांबते.

ती जन्मभर अनवाणी चालली. एका उन्हाळ्यात पऱ्हाटीच्या, वाळल्या कपाशीच्या काड्यांची मोळी आणताना बाभळीचा काटा तिच्या टाचेजवळ मोडला. अर्धा सुईनं काढला, अर्धा आत राहिला. तिनं बिब्ब्याचा चटका दिला आणि विसरली. दोन वर्षांनी तिथं गाठ आली. गाठ दुखत नव्हती, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी मजुरी पाडणारी बाई आमच्या वस्तीत अजून जन्माला यायची आहे. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या, पाय सुजून डांगरासारखा झाला आणि गाठींना तोंडं फुटून पाणी वाहू लागलं, तेव्हा मी तिला एसटीत घालून दवाखान्यात आणलं. त्या वेळी ज्येष्ठ संपत आला होता आणि तिचं वय साठीच्या पुढं होतं.

"येचणीपर्यंत बरा होईन ना वो पाय?" तिनं पहिल्या दिवशी सिस्टरला विचारलं. दुसरं काही विचारलंच नाही.

त्या वॉर्डाची मला आठवण येते. रागानं लिहायला बसले तरी येते, काय करू! मागच्या अंगणात एक कडुनिंब होता आणि त्याच्याखाली नातेवाइकांच्या तीन-तीन दगडांच्या चुली. पहाटे सगळ्या चुली एकदम पेटायच्या. फिनेलचा वास, ओल्या लाकडांचा धूर आणि तव्यावरच्या ज्वारीच्या भाकरीचा खरपूस वास एकमेकांत मिसळून खिडकीतून आत यायचा. ज्याच्याकडं मीठ नसे त्याला मीठ मिळे, ज्याच्याकडं काड्यापेटी नसे त्याला इंगळ मिळे. कुणाची जात कुठली हे चुलीपाशी सगळ्यांना माहीत असे. तरी मीठ मात्र फिरत राही. पाणी फिरत नसे, तेवढं खरं.

मोठ्या मायच्या शेजारच्या खाटेवर साखरखेर्ड्याकडची एक मोठ्या घरची म्हातारी होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. तिला आम्ही पाटलीणबाई म्हणायचो. डोळे बांधलेले असल्यामुळं तिला बोलायला कुणीही चालायचं, आणि मोठी माय बोलायला कमी नव्हती.

"तुमच्याकडं कापसाचं लई कवतिक," पाटलीणबाई म्हणायची. "कापूस खाता येतो का गं?"

"खाता नाही येत, पन झाकता येते," मोठी माय म्हणायची. "तुमची ज्वारी नेसून याल का तुमी बाजारात?"

मग दोघी तोंडाला पदर लावून हसायच्या. मी खालच्या सतरंजीवर बसून सल्फाच्या गोळ्या मोजायच्या निमित्तानं ऐकत असे. आयुष्यात इतकं निवांत बसलेली मोठी माय मी त्याआधी पाहिली नव्हती.

आता पायाचं सांगते. पहिल्याच दिवशी सिस्टर म्हणाल्या होत्या, "फेरीच्या आधी जखम स्वच्छ पाहिजे. घाण पट्टी दिसली की साहेब आमच्यावर ओरडतात." एवढंच म्हणाल्या. पण मी कुठल्या वस्तीतली होते! आमच्या अंगणातून जाताना नाकाला धोतराचा सोगा लावणारी माणसं मी लहानपणापासून बघितलेली. बौद्ध झाल्यावर आम्ही पहिली गोष्ट कोणती केली असेल तर घरं सारवली, कपडे पांढरे केले. स्वच्छतेवर तर मी स्वतः पत्रक लिहिलं होतं. तेव्हा मोठ्या मायचा पाय दहाच्या फेरीला असा दिसायला हवा होता की साहेबानं तोंड उघडू नये.

रोज आठ वाजता मी तिला खांद्याचा आधार देऊन मागच्या नळावर नेई. पट्टी सोडून तिचा पाय मांडीवर घेऊन धुई. गाठींच्या तोंडांतून पिवळसर पाणी येई आणि त्याच्याबरोबर काळे बारीक दाणे येत. मोहरीहून लहान, खसखशीहून थोडे मोठे. मी ते ओल्या फडक्यानं टिपून टिपून काढायचे. एक दाणा राहू द्यायचे नाही.

"माती किती भरली आहे गं तुझ्या पायात," मी म्हणायचे.

"पन्नास वर्सं तुडवली ना पोरी," ती म्हणायची. "पाटलाच्या वावरातली माती हाय, वापस करून राह्यली. नाही तं म्हनन, चोरून नेली."

आम्हा दोघींनाही ते पटलेलं होतं. आमच्याकडची जमीन काळी, पावसात पायाला किलो-किलो चिकटणारी. जिनं जन्म त्या मातीत काढला तिच्या पायातून माती निघणार नाही तर काय निघेल? मग मी पाय कोरडा करून वर उकळलेली पांढरी पट्टी बांधायचे. दहाला मोठे साहेब यायचे. दोन हात लांबून पट्टीकडं पाहायचे, "छान, स्वच्छ आहे," म्हणायचे आणि कागदावर पुढच्या सुया लिहून पलीकडच्या खाटेकडं जायचे. ते "छान" ऐकून मला जो अभिमान वाटायचा, तो आठवला की आज अंगावर काटा येतो.

आधी पेनिसिलिनच्या सुया झाल्या. मग स्ट्रेप्टोमायसिनच्या झाल्या. असे आठ आठवडे गेले. तिच्या दंडावर आणि कमरेवर टोचायला जागा उरली नाही. पाय औषधाला दाद देत नव्हता. गाठी वाढतच होत्या. साहेब औषध बदलायचे, मी पाय आणखी घासून धुवायचे.

पोळ्याच्या दिवशी पाटलीणबाईंकडं घरची माणसं पुरणपोळ्या घेऊन आली. त्या दिवशी गर्दीत नळ मिळेना, म्हणून मी खाटेवरच पट्टी बदलायला घेतली. त्यांच्या सुनेनं तो भोकं पडलेला पाय पाहिला आणि ताट तसंच झाकून बाहेर गेली. 'महारोग' हा शब्द मी व्हरांड्यातून ऐकला. दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी काय झालं ते वर लिहिलंच आहे. दोन कामगार आले, खाट उचलली. पाटलीणबाई बांधलेल्या डोळ्यांनी हवेत हात फिरवत विचारत होती, "काय चाललंय? तिला कुठं नेता गं?"

मी सिस्टरला म्हणाले, "कुणी पाहिला महारोग? तपासला का?"

"मी काय करू बाई," त्या म्हणाल्या. त्यांची नजर जमिनीवर होती. "वरून हुकूम आहे."

मी मोठ्या मायला म्हणाले, "मी मलकापूरला जाते. या लोकांना उघडं पाडते."

"जाय माय," ती म्हणाली. "पन लौकर येजो. नळ लांब हाय अठून."

मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण माझ्या डोक्यात पहिली ओळ जुळायला लागली होती. कोणावर, केव्हा. छापखान्यात गेले तर यंत्रावर दुसरं काम चढलेलं. दोन दिवस थांबावं लागलं. काकांनी माझ्या चार ओळी जुळवल्या, गुलाबी कागदावर दोनशे प्रती काढल्या. शेवटच्या ओळीत मी मोठ्या साहेबांच्या बदलीची मागणी केली होती. शाई पुरती सुकलीही नव्हती, तशी मी गठ्ठा छातीशी धरून तिसऱ्या दिवशी परत आले.

व्हरांड्यात पाहते तर मोठ्या मायच्या खाटेवर, तिच्या पायाशी, एक तरुण डॉक्टर बसलेला. नवीनच बदलून आलेला, पुण्याकडच्या बोलीचा. त्या वॉर्डाशी त्याचा संबंध नव्हता, चहाला जायची त्याची वाट तिथून होती एवढंच. मोठी माय पुढं मरेपर्यंत सांगायची, "खाटीवर बसला वो तो. माह्या गोधडीवर." बाकी सगळं ती विसरली, हे विसरली नाही.

त्याच्या हातात तिची पट्टी होती. दोन दिवसांची, न बदललेली, पिवळी, आणि तिच्यावर ते काळे दाणे विखुरलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नेमका मी नसताना कुणीतरी तिचा पाय घाण पाहिला होता.

"ताई, यांचा पाय रोज कोण धुतं?" त्यानं विचारलं.

"मी धुते. रोज." मी ताठ मानेनं सांगितलं. "दोन दिवस गावाला गेले होते म्हणून."

"हे दाणे कधीपासून येतात?"

"ती माती आहे."

"पाहा, तिबी तेच सांगते, बापू," मोठी माय म्हणाली. "मी सांगतलं ना तुमाले."

तो उठला. शेजारच्या तुळशीच्या कुंडीतली चिमूटभर काळी माती घेऊन एका काचेच्या पेल्यात पाण्यात टाकली. ती विरघळली, पाणी गढूळ झालं. दुसऱ्या पेल्यात त्यानं पट्टीवरचे चार दाणे टाकले. ते तळाशी गेले आणि तसेच पडून राहिले. त्यानं पेला हलवला. पाणी स्वच्छ, दाणे काळे, टणक, तसेच.

"माती विरघळते," तो म्हणाला. "हे दाणे म्हणजे रोग आहे. बुरशी. शिळ्या भाकरीवर येते ना, तशी. पण ही मातीत, काट्यांवर राहते. काट्याबरोबर आत गेली आणि आत गावं वसवून बसली. हा दाणा म्हणजे तिचं एक गाव."

"अन् सुया?"

"त्या सुया जंतूंसाठी असतात. बुरशीवर त्यांचा काही परिणाम होत नाही. चोर सोडून आपण संन्याशाला मारत बसलो आठ आठवडे." मग म्हणाला, "हा एक दाणा फेरीला कुणी पाहिला असता तर पहिल्या दिवशी कळलं असतं."

गुलाबी कागदांचा गठ्ठा हातातच होता आणि अचानक फार जड झाला होता. रोज आठ वाजता, मांडीवर पाय घेऊन, मी एक-एक करून पुरावा पुसला होता.

"महारोग नाही ना?" मी विचारलं.

"नाही. क्षयही नाही. कुणालाही लागत नाही." हे त्यानं मला सांगितलं आणि मग वॉर्डाच्या दारात उभं राहून मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली दाणे तपासले तेव्हा त्याचं म्हणणं खरं निघालं. दुपारी मोठे साहेब आले. या खेपेला ते वाकले. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "खाट आत घ्या."

"नोको," मोठी माय म्हणाली.

"का?"

"भाएर काढलं तवा मले इचारलं नोतं, साहेब. आता इचारलं, तं मी नाही म्हनते. अठी हवा बरी हाय."

साहेब आत पुढच्या खाटेकडं गेले. संध्याकाळी पाटलीणबाई भिंतीला धरून, चाचपडत, व्हरांड्यात आली आणि खाटेच्या काठावर बसली. म्हणाली, "सुनेला अक्कल नाही गं." मोठी माय म्हणाली, "हे काय नवीन सांगून राह्यल्या?" आणि दोघी पुन्हा पदर लावून हसल्या. त्यानंतर दर संध्याकाळी ती येऊ लागली.

पण हसण्यानं पाय बरा होत नाही. तरुण डॉक्टरनं खरं ते सांगितलं, की या जातीच्या बुरशीला नक्की लागू पडेल असं औषध त्याच्यापाशी नाही. एक आयोडिनचं औषध होतं, थेंब दुधातून द्यायचे. तिचं नाक गळायचं, तोंडाला पितळी चव यायची. "पैसा चाटल्यावानी लागते," म्हणायची आणि पिऊन टाकायची. मी आता पाय धुवायच्या आधी त्याला दाखवायचे. तो दाणे पाहायचा, गाठींभोवती शाईनं रेघ काढून ठेवायचा. दर आठवड्याला गाठ रेघेच्या बाहेर गेलेली असायची. शेवटी एक्स-रे काढला. टाचेचं हाड वाळवी लागलेल्या लाकडासारखं दिसत होतं.

"दोन महिने आधी कळलं असतं तर?" मी त्याला एकट्याला गाठून विचारलं.

"कदाचित गाठी खरवडून टाच वाचली असती," तो म्हणाला. "कदाचित नसती. खोटं सांगत नाही." ते 'कदाचित' मी अजून सोबत घेऊन फिरते.

पाय घोट्याच्या वरून कापायचा ठरला. संमतीचा कागद आला तेव्हा मोठी माय म्हणाली, "आधी तुहा कागद वाच. तो गुलाबी. कवाचा लपवून ठेवला."

मी गोधडीखालून पत्रक काढलं आणि वाचून दाखवलं. चारी ओळी. ती डोळे मिटून ऐकत होती, वेचणीच्या बायांचा हिशेब ऐकावा तशी.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "झनझनीत हाय. पन याच्यात पाय धुनारी कुठी हाय?"

"मी?"

"तू, अन् मीबी. आपन दोघींनं मिळून माती म्हनलं. खरं लिवाचं असन तं सारं लिव. अर्धं लिवशीन तं तेबी धुतल्यावानीच होते." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नोको. तुहा हात मऊ होता. सकायी आठ वाजाची मी वाट पाहो."

संमतीच्या कागदावर तिनं अंगठा लावला नाही. मी तिला सही शिकवली होती, ती तिनं केली. हळूहळू, जिभेचं टोक बाहेर काढून.

ती दोनशे पत्रकं मी वाटली नाहीत. मागची बाजू कोरी होती. वस्तीतल्या बाया शिकायला बसायच्या, त्यांनी त्यावर अक्षरं गिरवली. मोठी माय बरी होऊन घरी आली तेव्हा वेचणी लागली होती. टोळीनं तिला बैलगाडीतून नेलं. पहिल्या ओळीत उभं राहायला कुणी तयार होईना, तेव्हा तिनंच कुबडीनं एकीला ढकललं. आणि स्वतः धुऱ्यावर, जिथं मी शाळा सुटल्यावर बसायचे तिथं बसली, आणलेल्या कापसातली कवडी, म्हणजे किडका डागी कापूस, वेगळी काढत. तिथून तिचे टोमणे सगळ्या वावरात ऐकू जायचे. असे पाच हंगाम गेले. गेल्या उन्हाळ्यात ती म्हातारपणानं गेली. तिची आठवण मला दवाखान्यातली येते, धुऱ्यावरची येते, पण सगळ्यात जास्त येते ती मांडीवरच्या त्या जड, गरम, ओल्या पायाची.

तेव्हा आता सारं लिहिलं आहे, धुणारीसकट. तिला न विचारता बाहेर काढणाऱ्यांना मी माफ केलेलं नाही. दोन हात लांबून "छान" म्हणणाऱ्यालाही नाही. पण मागणी या वेळी साहेबाकडं नाही, तुमच्याकडं आहे. हे वाचून झालं की उठा. तुमच्या घरात, शेजारात, तुमच्या वावरात अनवाणी राबणारी जी म्हातारी बाई असेल तिचा तळपाय हातात घ्या, उजेडाला न्या आणि पाहा. न दुखणारी गाठ दिसली, तिच्यातून काळे दाणे येताना दिसले, तर लाजू नका आणि धुऊ नका. दाणे लागलेल्या फडक्यासकट तिला दवाखान्यात न्या, आणि डॉक्टर खाली वाकून पाहत नाही तोवर तिथून हलू नका.